घरच्या घरी गाडी तपासायला स्कॅनर घ्यायचाय. कोणता घ्यावा?

करवीरकर:

मंडळी, सल्ला हवाय.

घरात दोन गाड्या. एक २०१९ ची वॅगन आर, कंपनीचंच सीएनजी. दुसरी २०१३ ची पेट्रोल स्विफ्ट, एमएच-१२ पासिंग, सेकंडहँड घेतलेली. वॅगन आर सपाटीला मुकाट चालते. पण कोकणातून परत येताना साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलं की इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकतो आणि गाडी गचके खाते. पेट्रोलवर टाकली की गचके कमी. वर पोचेपर्यंत दिवा नुसता पेटून राहतो आणि पुढे काही दिवसांनी आपोआप गायब.

गॅरेजवाल्याने मशीन लावलं, लगेच काढलं आणि "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, टाकून घ्या" म्हणाला. कोड कोणता आला विचारलं तर "कोड घेऊन काय करणार साहेब?" सेन्सरचे पैसे वेगळे, मशीन लावायचे पाचशे वेगळे.

स्विफ्टला दिवाबिवा काही नाही, पण ॲव्हरेज पडलंय. टायरमधली हवा, प्लग, एअर फिल्टर सगळं बघून झालं.

ऑइल, फिल्टर, ब्रेकपॅड मी अंगणातच बदलतो, त्यामुळे हात काळे करायची तयारी आहे. बजेट पाच हजार. ऑनलाइन बघावं तर चार-पाचशेच्या निळ्या डबीपासून पन्नास-साठ हजारांच्या टॅबलेटपर्यंत सगळ्यांवर "सर्व गाड्यांना चालेल" लिहिलंय. काय घेऊ?

बंड्या_बिनधास्त:

निळी डबी घ्या, मोबाईलवर ॲप टाका, विषय कट.

टॉर्करेंच:

बंड्याशेठ, निळ्या डबीपाशी विषय कट होत नाही, सुरू होतो. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ जो १६ पिनांचा सॉकेट असतो तो ओबीडीचा, म्हणजे गाडी स्वतःची तपासणी करून बिघाड सांगते त्या यंत्रणेचा. अमेरिकेत तो १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. आपल्याकडे बीएस-४ (प्रदूषणाचा सरकारी निकष) गाड्यांना १ एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ आणि १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२. यात एक मेख आहे. २०१० साली बीएस-४ फक्त मुंबई-पुण्यासारख्या ठरावीक शहरांत होतं, सगळ्या देशात ते १ एप्रिल २०१७ ला आलं. म्हणजे २०१४-१५ ला एखाद्या लहान शहरात पासिंग झालेली गाडी बीएस-३ असू शकते. सॉकेट आहे पण प्रमाणित भाषेत उत्तर देत नाही, असं तिथे होतं. तुमची स्विफ्ट पुण्याची म्हणजे बहुतेक प्रश्न नाही, तरी आरसी बुकवर उत्सर्जन निकष लिहिलेला असतो तो बघून घ्या.

आता मुख्य मुद्दा. ओबीडी-२ हा प्रदूषणाचा कायदा आहे. त्यामुळे कुठल्याही स्वस्त उपकरणाला हक्काने मिळतं ते एवढंच: इंजिन-गिअरबॉक्सचे उत्सर्जनाशी संबंधित कोड, चालू आकडे म्हणजे लाइव्ह डेटा, कोड लागला त्या क्षणाचा फ्रीझ फ्रेम, आणि कोड पुसायची सोय. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा), एअरबॅग, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, दरवाज्याची लॉकं हे सगळं कंपनीच्या खासगी भाषेत चालतं. "सर्व गाड्यांना चालेल" हे खरं असतं, पण या पहिल्या भागापुरतं.

म्हणून दुकानात जायच्या आधी ठरवा, गाडीला विचारायचंय काय? दिवा का लागला, आणि इंजिन चालू असताना आकडे काय, एवढंच असेल तर डोंगल, म्हणजे सॉकेटला लावून मोबाईलशी जोडायची डबी, पुरे. एबीएसमधली हवा काढायची आहे, मागचे इलेक्ट्रिक हँडब्रेकवाले पॅड बदलायचे आहेत, डिझेलचा इंजेक्टर बदलून त्याचा नंबर ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) टाकायचा आहे, डीपीएफमधली (डिझेलच्या धुराच्या फिल्टरमधली) काजळी जबरदस्तीने जाळायची आहे, तर तुमच्या कंपनीची गाडी ओळखणारं आणि गाडीला हुकूम देऊ शकणारं मशीन लागतं. तुमच्या वॅगन आर आणि स्विफ्टसाठी यातलं काही लागत नाही.

बंड्या_बिनधास्त:

मग मी तेच म्हणालो ना.

टॉर्करेंच:

अर्धं म्हणालात. निळ्या डबीवर "ईएलएम ३२७" छापलेलं असतं. ती मूळ चिप कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. पहिल्या आवृत्तीत त्यांनी कॉपी अडवणारं कुलूप चालू केलं नव्हतं, चीनमध्ये तिच्या बेसुमार नकला निघाल्या. डबीवर "आवृत्ती १.५" दिसते ना? एल्मने १.५ कधी काढलीच नाही. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंदही झाली, नकला मात्र चालूच.

नक्कल म्हणजे टाकाऊ असं नाही. काही नकला वर्षानुवर्षं चालतात, माझ्याकडेच एक आहे. गंमत अशी की "१.५" वाल्यांत आत पीआयसी १८एफ२५के८० चिप असलेल्या बऱ्यापैकी निघतात आणि "२.१" लिहिलेल्या कित्येक डब्यांत निम्म्या आज्ञा चालतच नाहीत. बाहेरून दोन्ही सारख्याच निळ्या. डबी कोणकोणत्या आज्ञा ओळखते ते तपासणारी फुकट ॲप्स अँड्रॉइडवर आहेत. डबी हातात पडल्या दिवशी ते चालवा, नापास झाली तर परत करा.

माझं मत विचाराल तर नाव असलेलं डोंगल घ्या, व्हीगेटचं व्हीलिंकर किंवा तत्सम. दोन ते चार हजारांत येतं. उरलेल्या पैशांत बरा मल्टीमीटर घ्या. मल्टीमीटर नसेल तर स्कॅनर अर्धवटच आहे, कारण स्कॅनर सांगतो की अमुक सेन्सरचं सर्किट नीट नाही. सेन्सर मेला, वायर तुटली, की कनेक्टरमध्ये पाणी गेलं हे मल्टीमीटरच सांगतो.

अनुजा_प:

आयफोनवाल्यांनी काय करायचं? मी मागे एक डबी घेतली होती, फोनला दिसतच नाही.

सहावा_गिअर:

ताई, साध्या ब्लूटूथची डबी आयफोनला जोडली जात नाही. एक तर वाय-फायवाली घ्या किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाली. वाय-फायवालीत कटकट अशी की फोन डबीच्या वाय-फायला चिकटला की बऱ्याचदा इंटरनेट जातं, म्हणजे कोड वाचला पण शोधता येत नाही. लो एनर्जीवाली बघा. वर ज्या व्हीलिंकरचं नाव आलंय त्याच्या काही मॉडेलांत साधं ब्लूटूथ आणि लो एनर्जी दोन्ही आहे, वर्णन वाचून घ्या. ॲपमध्ये कार स्कॅनर किंवा ओबीडी फ्यूजन.

आणखी एक, जोडताना "फोनच्या सेटिंगमध्ये दिसत नाही" म्हणून घाबरू नका, लो एनर्जीवाली ॲपच्या आतूनच जोडायची असते.

अनुजा_प:

धन्यवाद! हेच होतं. सेटिंगमध्येच शोधत बसले होते.

सर्किटराव:

धागाकर्त्यांच्या वॅगन आरबद्दल. दिवा लुकलुकतोय ही फार महत्त्वाची माहिती आहे, गॅरेजवाल्याला सांगितलीत का? नुसता पेटलेला दिवा म्हणजे सवडीने बघा. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर चालू आहे, एखादा सिलिंडर नीट पेटत नाहीये, आणि न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) जाऊन तिथे जळतंय. पाय सैल करा, पेट्रोलवर घ्या, तसेच रेटू नका. कन्व्हर्टरच्या किमतीत तुम्ही म्हणता तो टॅबलेट येईल.

आणि ऑक्सिजन सेन्सरचा बळी का जातो तेही सांगतो. सिलिंडर पेटला नाही की त्यातली हवा न वापरता तशीच बाहेर पडते. सेन्सरला दिसतो भरपूर ऑक्सिजन, तो ओरडतो "मिश्रण लीन आहे", म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. निरोप आणणाऱ्यालाच फासावर चढवायचा प्रकार.

कोड वाचल्याशिवाय काही बदलू नका. पी ०३०० आला तर कुठलाही सिलिंडर. पी ०३०१ म्हणजे पहिला, ०३०२ दुसरा, ०३०३ तिसरा.

एडिसनकाका:

न्यू जर्सीतून लिहितोय. इथे या डबीचा उपयोग आमच्या पोटापाण्याचा आहे, कारण गाडीची तपासणी पोर्टला वायर लावूनच होते. दिवा पेटलेला असेल तर नापास. म्हणून नवखी मंडळी काय करतात, तपासणीला जायच्या आदल्या रात्री कोड पुसतात. गाडी शहाणी असते. कोड पुसले की आतले सगळे मॉनिटर (प्रदूषणाशी संबंधित भागांच्या गाडीने स्वतःच करायच्या चाचण्या) "तयार नाही" दाखवतात, आणि २००१ आणि त्यानंतरच्या गाडीचे एकापेक्षा जास्त मॉनिटर तयार नसले की परत पाठवतात. मग हायवे, शहर, थंड इंजिन, गरम इंजिन असं सगळं चालवून ते भरून घ्यायचे. थोडक्यात, डोंगल घेताना ॲपमध्ये "रेडीनेस", म्हणजे हे मॉनिटर तयार आहेत की नाहीत, दिसतं का ते बघा.

इथे सुट्या भागांच्या मोठ्या दुकानांत कोड फुकट वाचून देतात. माझ्या माहेरच्या पुतण्याला सांगितलं तर विश्वास बसेना.

बंड्या_बिनधास्त:

काका, माहेरचा पुतण्या?? :-)

एडिसनकाका:

काकूच्या माहेरचा. तीच टाइप करत होती.

टॉर्करेंच:

एडिसनकाकांनी रेडीनेस काढलं ते बरं झालं. आपल्याकडे पीयूसीला पोर्ट कुणी बघत नाही, नळीत दांडा घालून धूर मोजतात. पण सेकंडहँड गाडी घेताना हीच गोष्ट सोनं आहे. मालक म्हणतो "दिवा कधीच लागला नाही". डबी लावा, मॉनिटर बघा. बहुतेक सगळे "अपूर्ण" असतील तर कोड नुकतेच पुसलेत, नाहीतर बॅटरी नुकतीच काढली होती. शिवाय "कोड पुसल्यापासून चाललेले किलोमीटर" असा एक आकडा बऱ्याच गाड्या देतात. तो १२ दिसला आणि मालक सहा महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग झाल्याचं सांगतोय, तर पुढचं बोलणं कसं करायचं ते तुम्ही ठरवा. एजंट लोक सॉकेटवर हात ठेवू देत नाहीत, तेही उत्तरच आहे.

गोल्डन_स्पॅनर:

सगळे डोंगलच्या बाजूने बोलताहेत, मी विरुद्ध बोलतो. पाच हजारांत डोंगल-मल्टीमीटर करण्यापेक्षा आणखी चार-पाच हजार घालून एका कंपनीच्या सगळ्या सिस्टिम्स वाचणारं उपकरण घ्या. ऑटेलचं एपी २०० आहे, त्यात एका ब्रँडचं सॉफ्टवेअर सोबत मिळतं, बाकी विकत. दोन्ही गाड्या मारुती आहेत म्हणजे एका ब्रँडमध्ये काम झालं. एबीएस, एअरबॅग, सगळं दिसतं. उद्या एबीएसचा दिवा लागला तर डोंगलवाले काय करणार? परत गॅरेजला पाचशे देणार.

सहावा_गिअर:

मुद्दा बरोबर, पण दोन गोष्टी. एक, "ब्रँड आहे" आणि "आपल्या मॉडेलची ती सिस्टिम आहे" यात फरक आहे. या चिनी कंपन्यांच्या यादीत सुझुकी म्हटलं की युरोप-जपानची सुझुकी असते. भारतातली मारुती वेगळ्या मेन्यूत असेल तर असेल. घ्यायच्या आधी विक्रेत्याला तुमचं मॉडेल, वर्ष आणि "एबीएस वाचतो का" असं लेखी विचारा. टाटा-महिंद्रावाल्यांनी तर दहादा विचारा.

दोन, अपडेटची वर्गणी. पहिलं वर्ष फुकट, दुसऱ्या वर्षी निमूट पैसे. काही उपकरणं वर्गणी संपली तरी जुनं सॉफ्टवेअर चालू ठेवतात, काही सरळ दार बंद करतात. कोणतं काय करतं ते आधी वाचा.

गोल्डन_स्पॅनर:

वर्गणीचं मान्य. तरी एअरबॅगचा दिवा घरी वाचता येणं हे मला मोलाचं वाटतं.

सर्किटराव:

वाचा, पण तिथे हात घालू नका. पिवळे कनेक्टर दिसले की बॅटरी काढून थांबायचं आणि माहीतगाराला बोलवायचं. मल्टीमीटरचं टोक एअरबॅगच्या वायरीला लावणारे बहाद्दर मी बघितलेत. या धाग्यावरून कुणी तसं करू नये म्हणून लिहितोय.

इकोस्पोर्टवाली:

आमच्याकडे फोर्ड आहे, म्हणजे अनाथ. सप्टेंबर २०२१ ला कंपनीने इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं तेव्हापासून मी स्वतःच शिकले. फोर्डवाल्यांनी दुसरं काही बघू नये, फोरस्कॅन हेच. लॅपटॉपवर चालतं, एबीएसपासून खिडक्यांपर्यंत सगळं दिसतं. फक्त डोंगल निवडताना लक्षात ठेवा, फोर्डमध्ये दोन कॅन लायनी (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या तारा) असतात. इंजिनाची नेहमीच्या ६ आणि १४ पिनांवर, बाकी आरामाच्या गोष्टींची ३ आणि ११ वर. साधी डबी फक्त पहिली वाचते. दुसरीकडे जायला बटण असलेली किंवा आपोआप बदलणारी केबल लागते. ओबीडीलिंक ईएक्स किंवा व्हीलिंकर एफएस, दोन्ही त्यासाठीच आहेत.

चाकणकर:

याच न्यायाने फोक्सवॅगन-स्कोडा असेल तर व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन. पहिलं लॅपटॉपवर, अधिकृत केबल महाग पण आयुष्यभराची. दुसरं मोबाईलवर, तिथे क्रेडिट विकत घेत बसा. जुन्या पुंटो-लिनियावाल्यांना मल्टीईसीयूस्कॅन, त्याला एबीएस-एअरबॅगसाठी वेगळ्या रंगांच्या अडॅप्टर केबली लागतात. टोयोटावाल्यांना टेकस्ट्रीम. त्याची स्वस्त केबल घेतली की सोबत एक सीडी येते, त्यातलं चोरीचं सॉफ्टवेअर बँकेचे व्यवहार करता त्या लॅपटॉपवर टाकू नका एवढंच सांगतो.

आणि नव्या गाड्यांत दाराशी पहारेकरी बसलाय. फियाट-क्रायस्लरने २०१८ च्या सुमारास सिक्युरिटी गेटवे आणला. अशा गाडीत बाहेरच्या उपकरणाला कोड वाचू देतात, पुसू देत नाहीत किंवा हुकूम देऊ देत नाहीत. नवी गाडी असेल तर महागडं मशीन घेण्याआधी हे तपासाच.

डिझेलदास:

बीएस-६ डिझेलवाल्यांनी काय घ्यावं? रोज ऑफिस चार किलोमीटर, डीपीएफचा दिवा सारखा येतो. जबरदस्तीने रिजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) करणारं मशीन घेऊ का?

टॉर्करेंच:

दास, मशीन घेण्याआधी दर आठवड्याला गाडी हायवेवर काढा, अर्धा तास एका वेगात. काजळी जळायला एक्झॉस्ट साधारण ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो, चार किलोमीटरमध्ये तो कोमटही होत नाही. चालू रिजनरेशन मध्येच इंजिन बंद करून तोडू नका. काही डिझेल गाड्यांत ॲपवर काजळीचं प्रमाण दिसतं, तेवढ्यासाठी डोंगल घ्या. उभ्या गाडीत जबरदस्तीचं रिजनरेशन बंद पार्किंगमध्ये किंवा वाळलेल्या गवतावर कधीही करू नये. आणि चारच किलोमीटर असतील तर... जाऊ द्या, गाडी घेऊन झालीय.

डिझेलदास:

बोला की, "सायकल घ्या" म्हणणार होतात ना.

करवीरकर:

सगळ्यांचे आभार. व्हीलिंकर घेतलं, मल्टीमीटर घेतला, आणि रविवारी पुन्हा आंबा घाट केला. या वेळी डबी लावून.

कोड: पी ०३०१. ऑक्सिजन सेन्सरचा एकही कोड नाही. फ्रीझ फ्रेममध्ये आरपीएम २७००, वेग ३५, लोड ८६ टक्के, कूलंट ९२. म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये चढावर, दाबून.

आता पुढे काय? प्लग गेल्या सर्व्हिसला बदललेत. सीएनजीवरच का होतंय?

सर्किटराव:

वा, फ्रीझ फ्रेम छान मिळाला. सीएनजीवर ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं आणि लोड वाढला की अजून जास्त. त्यामुळे थकलेली कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणारा भाग) किंवा गॅप वाढलेला प्लग सपाटीवर निभावतो, पेट्रोलवरही निभावतो, आणि सीएनजीवर घाटात उघडा पडतो.

आता पैसे न घालता करायची परीक्षा. तुमच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल आहे. इंजिन गार असताना, चावी बंद करून पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइली आपापसात बदला. एक-एक बोल्ट आहे, कनेक्टरची खिट्टी वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झालेली असते, हळू दाबा, तुटते. प्लगना हात लावू नका, एका वेळी एकच गोष्ट हलवायची. कोड पुसा, तोच घाट, तोच गिअर. कोड पी ०३०२ झाला तर कॉइल दोषी. ०३०१ च राहिला तर प्लग बदलून बघा, तरीही राहिला तर वायरिंग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन.

पुसण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या. पुसलं की तेही जातं.

वाचकमित्र_७:

मी इंटरनेटवर एका अमेरिकन व्हिडिओत बघितलं की मिश्रण लीन दाखवत असेल तर आधी इनटेकची गळती शोधायची, नळ्यांवर स्प्रे मारून. तेही करून बघावं का?

टॉर्करेंच:

तो सल्ला हवेचं वजन मोजणाऱ्या मॅफ सेन्सरच्या गाड्यांना चपखल बसतो. तिथे मॅफच्या पुढे गळती झाली की ती हवा मोजलीच जात नाही, म्हणून लीन. आपल्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत मॅफ नसतो, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप असतो. गळतीची हवाही दाबात मोजली जाते, त्यामुळे लीनपेक्षा आयडलिंग चढलेलं जास्त दिसतं. व्हिडिओ बघताना ती गाडी कोणत्या पद्धतीची आहे ते आधी बघा. तापलेल्या इंजिनावर पेटणारा स्प्रे मारू नका हे वेगळं सांगायला नको.

करवीरकर:

कॉइल बदलाबदली केली. घाटात मुद्दाम सीएनजीवर, दुसऱ्या गिअरमध्ये, हळूहळू दाबत गेलो. कोड आला पी ०३०२. दिवा लुकलुकताच पेट्रोलवर घेतली. घरी येऊन एक नवी कॉइल टाकली, त्यानंतर त्याच घाटाला गचका नाही, दिवा नाही. पेंडिंग कोडसुद्धा, म्हणजे अजून पक्के न झालेले, कोरे. एक कॉइल सेन्सरपेक्षा स्वस्त पडली.

खिट्टी खरंच कडक होती, सर्किटराव. आधी सांगितलंत म्हणून वाचली.

सर्किटराव:

उत्तम. उरलेल्या दोन कॉइली त्याच वयाच्या आहेत, पण आत्ताच बदलू नका. डबी आहेच घरात.

करवीरकर:

आता स्विफ्टचं. कोड काहीच नाहीत. पेंडिंगही नाहीत. मग डोंगलचा उपयोग काय?

टॉर्करेंच:

कोड नसले तरी आकडे आहेत ना. हायवेला काढा, शेजारी कुणाला तरी बसवून त्यांच्या हातात फोन द्या, गाडी चालवताना स्वतः बघत बसू नका. तीन आकडे टिपायला सांगा: कूलंटचं तापमान, फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के कमी-जास्त करतोय), आणि बॅटरीचं व्होल्टेज. इंजिन गरम झाल्यावर कूलंट ८० ते ९५ च्या आसपास स्थिर असावं, लाँग टर्म ट्रिम शून्याच्या दोन्ही बाजूंना दहाच्या आत, आणि चालू इंजिनात व्होल्टेज साडेतेरा ते साडेचौदा.

करवीरकर:

बायकोला बसवलं, तिने वहीत टिपलं. ट्रिम ३-४, व्होल्टेज १४.१. कूलंट मात्र विचित्र आहे. शहरात सिग्नलला ८५ च्या वर जातं. हायवेला ऐंशीच्या वेगाने लागलो की उतरत उतरत ६२ वर. थांबलो की परत चढतं.

टॉर्करेंच:

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व. एक तर उघडा अडकलाय किंवा आत नाहीच. "इंजिन तापतंय" म्हटलं की वॉल्व काढून फेकायची जुनी खोड आहे आपल्याकडे, काही गॅरेजांत अजून चालते. मग हायवेच्या वाऱ्याने रेडिएटर इंजिनाला तापूच देत नाही, ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो पेट्रोल जास्त देत राहतो. थंड इंजिनात ऑइलही दाट राहतं. तापमानाचा काटा बऱ्याच लहान गाड्यांत राहिलेला नाही, त्यामुळे कळायला मार्ग नाही. आणि याचा कोड प्रत्येक गाडी देतेच असं नाही.

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच हाउसिंग उघडा. गरम असताना रेडिएटरचं झाकण काढू नका.

करवीरकर:

उघडलं. आत काहीच नाही, नुसतं रबरी रिंग आणि रिकामी जागा. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी काढलेला. नवा थर्मोस्टॅट, नवी रिंग, नवं कूलंट टाकलं, हवा काढली. आता हायवेला ८४ ते ८८ मध्ये राहतं. ॲव्हरेज दोन-तीन टाक्या झाल्यावर लिहीन.

गोल्डन_स्पॅनर:

हवा काढल्यावर फॅन लागतो का तेही बघितलंत ना? ज्याने थर्मोस्टॅट काढला त्याने तो तापण्याच्या तक्रारीवरून काढला असणार. मूळ तक्रार फॅनची किंवा रेडिएटर चोंदल्याची असू शकते, आणि ती आता परत वर येईल. माझ्या मशीनमधून फॅनला थेट हुकूम देता येतो, तुमच्या डबीतून नाही.

करवीरकर:

हो, बघितलं. एसी बंद ठेवून उभ्या गाडीत तापू दिली, ॲपवर आकडा बघत. ९६ ला फॅन लागला, ९१ ला बंद झाला, परत लागला. दुपारच्या उन्हातही त्याच्या वर गेलं नाही. उन्हाळ्यात घाटात पुन्हा बघेन.

अनुजा_प:

एक बावळट प्रश्न. डबी कायमची लावून ठेवली तर चालते का? दर वेळी वाकून काढायचा कंटाळा येतो.

सहावा_गिअर:

बावळट अजिबात नाही. १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा प्लस थेट येतो, चावी काढली तरी. म्हणजे डबी दिवसरात्र थोडा थोडा करंट खात राहते. रोज चालणाऱ्या गाडीला फरक पडत नाही, पण गावाला जाऊन गाडी पंधरा दिवस उभी असेल आणि बॅटरी जुनी असेल तर परत आल्यावर धक्का मारावा लागेल. चांगल्या डोंगलांत आपोआप झोपायची सोय असते, तुमच्यात आहे का ते बघा. दुसरं म्हणजे स्वस्त डब्यांचा ब्लूटूथ पिन १२३४ किंवा ०००० असतो, पार्किंगमधला कुणीही जोडू शकतो. आणि तिसरं, क्लचवर पाय नेताना गुडघा लागून सॉकेट ढिला होतो. दोन-अडीचशे रुपयांची एक्स्टेन्शन वायर मिळते, ती डॅशखाली बांधून घ्या, वाकायचं काम जाईल. डबी वापरून झाली की ग्लव्हबॉक्समध्ये.